उन्हाच्या पेटीवरची पानं

चर्चमधून परतताना लोसालिने भराभर चालत होती. मागून पाद्रीबाबा येत होते. या रविवारी त्यांना जेवू घालायची पाळी तिच्या घराची होती आणि जेवण अंगणात उन्हावर शिजत होतं.

दक्षिण गोलार्धातल्या त्या बेटावर अधूनमधून बोटीनं येणाऱ्या डॉक्टरांनी तिच्या सासूची, फुसीची, छाती तपासून बजावलं होतं, "आता धूर बंद. ही छाती आणखी सोसणार नाही." पण फुसीला जमिनीतली भट्टी, उमू, सोडवेना. "रविवारी ज्या घरातून धूर निघत नाही ते घर मेलेलं," ती म्हणे. शेवटी एवढ्यावर आली, "तुझ्या त्या उन्हाच्या खोक्यात पाद्रीबाबांचं लू शिजलं तर मी उमूजवळ जाणार नाही. पण घसा खाजला, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

लू म्हणजे अळूच्या पानांत मांस नि नारळाचं दूध बांधून केलेल्या पुरचुंड्या. जरा कच्च्या राहिल्या की घसा खाजतो.

लोसालिनेनं एकात एक दोन खोकी बसवली होती, मधे काथ्या ठासला होता, आत चकचकीत कागद चिकटवला होता. वर वादळात निखळलेल्या खिडकीची काच. अंडं शिजलं होतं, कसावाचे कंदही शिजले होते. अळूची परीक्षा आजच.

तिनं अंगणात पाऊल टाकलं आणि ती पेटीकडे धावली. पेटीवर केळीची ओली पानं, त्यांवर गोणपाट, कडेनं माती थापलेली.

"आई, हे काय?"

"झाकलं!" फुसी अभिमानानं म्हणाली. "उघडंच टाकून गेलीस, वेंधळी कुठली. वाफ पळाली असती सगळी."

जन्मभर झाकून शिजवणारे ते हात मदतच करायला गेले होते.

"आई," ती हळू म्हणाली, "हिची आग खाली नाही. वर आहे."

फुसीनं आभाळाकडे पाहिलं, मग पानांकडे. तिचा चेहरा उतरला. "अरे देवा! थांब, मी भट्टी पेटवते," म्हणत ती उठली आणि खोकल्यानं दुमडलीच.

लोसालिने तिच्यापुढे उभी राहिली. "नाही."

"पाद्रीबाबांना उपाशी बसवणार?"

"बसवा," पाद्रीबाबा फाटकातूनच म्हणाले. "माझ्या प्रवचनात सगळं गाव उपाशी बसलंच होतं की."

लोसालिनेनं पानं काढली, काच पुसली, पेटीचं तोंड उत्तरेला सूर्याकडे केलं. थोड्या वेळानं काचेखाली दव धरलं. तेवढ्यात ढग आला. फुसीची नजर सारखी सरपणाकडे जाई, तिथून सुनेकडे. लोसालिने मनातल्या मनात एकच प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणत होती. ढग सरकला. आणखी एक आला, तोही सरकला. सावल्या लांबल्या, पाद्रीबाबांनी तिसरं शहाळं संपवलं, तेव्हा तिनं काच उचलली.

पहिला घास तिनंच घेतला. गिळला. जीभ टाळूवर फिरवून वाट पाहिली.

"खाजतंय?" फुसीनं कुजबुजत विचारलं.

"नाही."

"खोटं बोलतेस. रविवार आहे, लक्षात ठेव." म्हातारीनं स्वतः बोटभर चाखलं आणि डोळे मिटले.

"पाद्रीबाबा, प्रार्थना म्हणा," ती अखेर म्हणाली. "पण लांबवू नका, निवेल. आणि सूनबाई, उद्या यात रताळी शिजत ठेव. मी राखण करीन. लांबून."