सावलीतला पालक

एकोणीसशे अडुसष्ट साल. मी आणि वहिनी एकाच प्रयोगशाळेत कामाला होतो. झाडाची मुळं मातीतलं नायट्रेट ओढून घेतात, ते देठातून पानात चढतं, पान उजेडात त्याची अमिनो आम्लं बनवतं आणि कोवळ्या शेंड्यांकडे पाठवतं. उजेड कमी पडला तर काय होतं, ते आम्ही पालकावर बघत होतो. सावलीतल्या रोपांना नायट्रेट पाजायचं, मग पानं खुडून वाटायची. देठ उरायचे. ते फेकायचेच, घरी नेणारीला कामावरून काढीन, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख, मोठ्या बाईंनी बजावलं होतं.

एके दुपारी दादाचा निरोप आला. चिमणी, माझी तान्ही भाची, निळी पडली होती.

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा तिचे ओठ जांभळासारखे झाले होते. नखंही. रडायचंही बळ नव्हतं तिच्यात.

"हृदयाचं काहीतरी असावं," डॉक्टर म्हणाले. "आज खायला काय दिलं?"

"दूधच," वहिनी म्हणाली.

त्यांनी सुई टोचून रक्त काढलं. ते लाल नव्हतं, चॉकलेटी होतं. प्राणवायू दिला तरी निळेपणा हटेना. दादा भिंतीला टेकून खाली बसला. वहिनी पदराचं टोक पिळत होती, माझ्याकडे बघत नव्हती. नायट्रेटनं तान्ह्या मुलांचं रक्त काळवंडतं, असं मी कुठंतरी वाचलं होतं.

"वहिनी, देठ नेले होतेस?"

"मोठ्या बाईंना सांगशील."

"अगं, पोरगी जातेय आपली."

दादा उठला. "बोल ना गं," एवढंच म्हणाला.

"सूप केलं होतं," ती म्हणाली. "काल. उरलेलं आज कोमट करून पाजलं. आपण सगळे प्यायलो की काल, कुणाला काही झालं?"

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं: सावलीत पानाला आम्लं बनवता येत नाहीत, नायट्रेट देठातच साचतं. सूप रात्रभर उघडं होतं, हे वहिनीकडून कळल्यावर ते उठलेच. "शिळ्या सुपात नायट्रेटचं नायट्राइट, म्हणजे विषच बनतं. मोठ्यांना पचतं, तान्ह्याचं रक्त बिघडतं." त्यांनी गडद निळं औषध शिरेतून सोडलं.

"निळ्या पोरीला आणखी निळं?" दादा पुटपुटला.

"लागू पडलं तर मग हसा," डॉक्टर म्हणाले.

कुणी हसलं नाही. आम्ही तिघं तिच्या ओठांकडे बघत उभे राहिलो. बराच वेळ काहीच होईना. मग खालच्या ओठाच्या कडेला गुलाबी रेघ उमटली आणि चिमणीनं भोकाड पसरलं.

वहिनीनं दुसऱ्या दिवशी स्वतःच जाऊन बाईंना सांगितलं. बाईंनी शब्द खरा केला. वहिनी पुढे घरी शिवणकाम करायची. डॉक्टर लवकर गेले. दादानं पालेभाजीला कधी हात लावला नाही, तोही गेला. मी निवृत्त होईपर्यंत देठच तपासत राहिले. चिमणी आता आजी झाली आहे. वहिनी होती तोवर घरातलं कुठलंही मूल झोपलं की दिवा लावून त्याचे ओठ बघून यायची.