सावलीचं ताट

देवळाच्या आवारात दगड उभा राहिला त्या दुपारी नुई तो पाहायला गेली. देवदाराच्या सावलीत तो ओलसर काळा दिसत होता. पुढच्या बाजूला तिच्या भावाच्या हातची अक्षरं होती, एकेक अक्षर ढालीएवढं. सेनापती निइदा तेइझो यांनी स्वतः कुंचल्याने लिहून दिलेली.

"दगडाच्या मागच्या बाजूला या, नुईअक्का," गावप्रमुख तोगाशी तिला हाताने बोलावत म्हणाले. "रशियाच्या लढाईत पडलेल्या आपल्या सगळ्या पोरांची नावं इथे आहेत. आणि सगळ्यात वर कोण, बघा तरी."

नुईला वाचता येत नव्हतं, पण एक नाव मात्र ती ओळखायची. तिचा लेक एइसुके लहान असताना चुलीच्या राखेत चिमट्याने तेच नाव गिरवत बसायचा आणि ती ते पुसून पुन्हा राख सारखी करायची. तेच नाव आता दगडात बोटभर खोल गेलं होतं. तिने त्या खाचेत बोट घातलं. राख असती तर तिथल्या तिथे पुसून टाकली असती.

"डोळे भरून आले ना?" तोगाशी हळूच म्हणाले.

"धूळ गेली," नुई म्हणाली आणि घराकडे वळली.

डोळे भरले नव्हते. तळपायाची आग मस्तकात गेली होती. कारण एइसुके जिवंत होता, आणि हे या खोऱ्यात फक्त दोघांना ठाऊक होतं. तिला, आणि ज्याने हा दगड लिहिला त्याला.

तेइझो तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो रांगत होता. नुईने त्याला पाठीला बांधून तुतीचा पाला तोडला, रेशीमकिड्यांना घातला, त्यांच्या कोशांवर त्याला सेंदाईच्या सैनिकी शाळेत घातलं. लग्न होऊन गेली ती विधवा होऊन, कडेवर एइसुकेला घेऊन माहेरी परत आली, तेव्हा तेइझोच्या खांद्यावर पहिली फीत लागली होती. मग चीनची लढाई झाली, पदक आलं. मग रशियाची लढाई आली. तेव्हा तेइझो पलटणीचा मुख्य होता आणि त्याच पलटणीत एइसुके साधा शिपाई.

त्या हिवाळ्यात खोऱ्यातल्या प्रत्येक घरात सावलीचं ताट वाढलं जाई. परमुलखी गेलेल्या माणसासाठी, तो समोर बसला आहे असं समजून, ऊन भात आणि वाफाळतं कालवण झाकून ठेवायचं, म्हणजे तिकडे त्याचं पोट उपाशी राहत नाही. सगळ्यांची जेवणं झाली की झाकण उचलायचं. आतून पाण्याचे थेंब लोंबत असले तर माणूस धडधाकट आहे. झाकण कोरडं निघालं तर घरातलं कुणी बोलत नसे.

नुई दोन ताटं वाढायची, भावाचं आणि लेकाचं. पाला खुडताना ती गुणगुणायची,

*वाफ गं भाताची, डोंगर ओलांडू दे,*
*वाटेच्या पावलांना, ऊन घास लागू दे.*

मग बर्फाने वेढलेली मांचुरियातली ती टेकडी आली. तेइझोने पलटण तिच्यावर एकदा घातली, पुन्हा घातली, माणसं संपत आली तरी आणखी घातली. टेकडी हाती आली. सरकारी माणूस मेलेल्यांची खबर घेऊन गावात घरोघर हिंडला. नुईच्या दारातही उभा राहिला. वर्तमानपत्रात आलं की पलटणप्रमुखाचा सख्खा भाचा सगळ्यांच्या पुढे धावत जाऊन तटावर पडला, आणि मामाने डोळ्यांत पाणी न आणता पुढचा हुकूम दिला. मास्तरांनी ते शाळेत पोरांना वाचून दाखवलं. तेइझोच्या खांद्यावर आणखी एक चांदणी चढली.

पण नुईच्या घरी एइसुकेच्या झाकणातून थेंब टपकतच होते. शेजारची हात्सु, जिचा नवरा त्याच टेकडीवर राहिला होता, ती म्हणाली, "अक्का, आता पितरांच्या देव्हाऱ्यात त्याचा भात ठेवा. माझं झाकण त्याच दिवशी कोरडं निघालं होतं." नुईने ऐकलं नाही. गावाने मान हलवली. लेकाच्या दुःखाने बाई डोक्याने थोडी सरकली, असं सगळे धरून चालले.

लढाई संपल्यावर तेइझो आला, चुलीपाशी मांडी घालून बसला आणि खरं काय ते त्यानेच सांगितलं. एइसुकेच्या मांडीत गोळी लागली होती. खंदकात पडलेला असताना रशियनांनी त्याला उचलून नेलं. कैद्यांची सुटका झाली तेव्हा तोही बोटीतून परतला.

"मग कुठाय तो?" नुई उठून उभीच राहिली.

"बस, अक्का. शत्रूच्या हाती जिवंत सापडलेला शिपाई म्हणजे घराण्याला कलंक. माझा भाचा. आणि कागदोपत्री तो केव्हाच मेलाय, साऱ्या देशाने वाचलंय. मी त्याला बंदरावरच गाठलं. दुसरं नाव देऊन पार उत्तरेला, होक्काइदोला पाठवलं. मासेमारीचं काम आहे, पोटाला कमी नाही."

"तो काय म्हणाला?"

"म्हणाला, आईला सांगा."

"एवढंच?"

"एवढंच." तेइझो निखाऱ्यांकडे पाहत होता. "माझ्या अंगावर ही वर्दी आहे तोवर गप्प बस. वर्दी उतरली की मी स्वतः त्याला घेऊन येईन. मग कुणाला काय जाब द्यायचा राहणार आहे?"

नुई गप्प बसली. भाऊही तिनेच वाढवला होता. त्या दिवसापासून तिने भावाचं ताट वाढणं मात्र बंद केलं. तेइझो ब्रिगेडचा झाला, डिव्हिजनचा झाला, छातीवर जागा उरली नाही इतकी पदकं झाली. इकडे दर वसंतात कुणीतरी व्यापारी दारात वाळवलेल्या निशिन माशांची जुडी टाकून जाई. चिठ्ठी नाही, नाव नाही. फक्त जुडी बांधलेली असे ती तुतीच्या फांद्या बांधतात तशा दुहेरी पिळाच्या गाठीने. कोळी अशी गाठ मारत नाहीत. ती गाठ नुईने शिकवलेली होती.

आता तेइझोने वर्दी उतरवली होती. आणि दिलेला शब्द असा पाळला होता, दगडात कोरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरी आला. वर्दी समारंभापुरती पुन्हा अंगावर चढली होती. उंबऱ्यापाशी बूट काढताना त्याला जरा धाप लागली.

"थकलीस गं, अक्का," तो म्हणाला.

"तुझ्या वाटेकडे डोळे लावून. एकटाच आलास?"

तो आत येऊन बसला. नुईने चहा ओतला, पण त्याच्यापुढे सरकवला नाही.

"ते नाव काढ," ती म्हणाली.

"दगडातलं नाव कसं काढतात?"

"घातलं तसं. छिन्नीने."

"अक्का, तुला कळत नाही. आज जिल्ह्याचे साहेब येणार आहेत. शाळेची पोरं झेंडे घेऊन उभी आहेत. त्या टेकडीचं नाव काढलं की लोकांना आधी तो आठवतो. मी आता सांगू, की तो पडलाच नव्हता? ती बाकीची पोरं त्याच्या मागे धावली असं सगळे मानतात. त्यांच्या आयांचा तेवढाच आधार आहे."

"आयांना मध्ये आणू नकोस. आई मी आहे. म्हातारी झालेय. मला तो या दारातून आत आलेला बघायचाय. दगडावर नाव असलेला माणूस कुठल्या दारातून आत येईल, सांग मला."

"त्याला तिकडे बरं चाललंय."

"तुला काय ठाऊक? कधी गेलास?"

तेइझोने कप हातात घ्यायला हात पुढे केला. नुईने कप मागे ओढला. थोडा चहा चटईवर सांडला.

"पाठीला बांधून वाढवलं तुला," ती म्हणाली. "माझ्या पाठीवरून उतरलास तो माझ्या लेकाच्या छातीवर चढलास. आणि अजून उतरत नाहीस."

"समारंभाला येऊ नकोस," तो उठत म्हणाला. त्याचा आवाज आता हुकूम देण्याचा झाला होता. "तोगाशींना सांगतो, तुझी तब्येत बरी नाही."

तो गेला. नुईने चूल पेटवली. नवा तांदूळ धुतला, अळकुड्या सोलून सोयाच्या रसात शिजत घातल्या. तिच्या हातांना रोजची सवय होती, पण आज तांदूळ धुताना ती तो असा चोळत होती की जणू कुणाचं तोंड धूत आहे. भात शिजला तशी तिने एइसुकेचा लाल लाखेचा वाडगा गच्च भरला, झाकण लावलं, ताट छातीशी धरून बाहेर पडली.

देवळाच्या आवारात दगडाभोवतीचं पांढरं कापड नुकतंच उतरलं होतं. पुजाऱ्यांचे मंत्र म्हणून झाले होते. तेइझो दगडासमोर ताठ उभा राहून भाषणाला सुरुवात करणार होता. पोरांच्या हातातले झेंडे थांबले, कारण म्हातारी सरळ मधून चालत आली आणि तिने ताट दगडापुढच्या पायरीवर ठेवलं.

तोगाशी कुजबुजले, "लेकाला नैवेद्य. राहू द्या, राहू द्या."

"नैवेद्य नाही," नुई म्हणाली. तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "मेलेल्याच्या भाताला झाकण नसतं. हे सावलीचं ताट आहे. तेइझो, झाकण तूच उचल."

बायकांच्या रांगेतल्या माना वर झाल्या. तेइझोचा चेहरा पांढरा पडला होता. साहेब मंडळी बघत होती. न उचलावं तर सेनापती एका वाडग्याला घाबरला असं झालं असतं. त्याने वाकून झाकण उचललं. आतून थेंब ओघळले आणि त्याच्या पांढऱ्या हातमोज्यावर पडले.

"ऊन भात आहे," तो तोगाशींना म्हणाला. "वाफ धरणारच. अक्काचं डोकं हल्ली ठिकाणावर नाही. हिला घरी न्या."

"माझा एइसुके होक्काइदोला मासे ओढतोय," नुई म्हणाली. "लढाईत पकडला गेला होता. याने त्याला बंदरावरूनच परत फिरवलं. शुद्धीत असलेली मी एकटीच आहे इथे."

हात्सु रांगेतून बाहेर आली. ती आधी नुईपुढेच उभी राहिली.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली. "माझ्याबरोबर रडत होतात, आणि तुमचा जिवंत होता."

"होतं," नुई म्हणाली. "माझ्यावर नंतर थुंक. आधी याला विचार."

हात्सुने तेइझोच्या हातातून झाकण घेतलं. त्यातले थेंब पाहिले. मग मान वर केली.

"सेनापतीसाहेब, माझा नवरा तरी खरंच मेलाय ना? की तोही कुठे मासे ओढतोय, आणि मी इतकी वर्षं थडग्याच्या दगडाला पाणी घालतेय?"

"मेला," तेइझो म्हणाला. "मी पाहिलं."

"आणि एइसुके? तो मेलेला पाहिलात?"

तेइझोने तोंड उघडलं. एवढ्या टेकड्यांवर ज्याच्या हुकुमावर माणसं धावली, त्याच्या तोंडून आज एक शब्द निघाला नाही. पुढच्या रांगेतला कुणीतरी खोकला. ते गप्प राहणं आवारभर पसरत गेलं, आणि मागच्या म्हाताऱ्यांनाही ते समजलं.

हात्सुने झाकण वाडग्यावर परत ठेवलं, हलक्या हाताने, पाणी सांडू नये असं. मग बाजूला पडलेलं पांढरं कापड तिने उचललं. एका टोकाला दुसरी विधवा धावली. कुणाची आई, कुणाची बहीण, सगळ्या एकेक करून पुढे आल्या. त्यांनी कापड पुन्हा दगडावर चढवलं, सेनापतीच्या मोठमोठ्या अक्षरांसकट तो झाकून टाकला आणि कडेने बसून राहिल्या.

"आमच्या माणसांची नावं खोट्या नावाशेजारी नकोत," हात्सु खाली बसत म्हणाली. "ते काढा, मग झेंडे हलवा."

जिल्ह्याच्या साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि ते मोटारीकडे वळले. मास्तरांनी पोरांना मागे वळवलं. तोगाशी तेइझोकडे बघत उभे होते, आणि तेइझो हातमोज्यावरच्या ओल्या डागाकडे. शेवटी तो अगदी हळू बोलला, इतकं हळू की तोगाशींना पुढे वाकावं लागलं.

"पाथरवटाला बोलवा."

नुईने ताट उचललं. तिचा राग कणभरही निवला नव्हता, उलट हातापायांत बळ आलं होतं. भावाच्या शेजारून जाताना ती थांबली.

"जेवायला येशील तेव्हा मागच्या दाराने ये, आणि स्वतःच्या हाताने वाढून घे," ती म्हणाली. "पुढचं दार आजपासून त्याच्यासाठी उघडं राहील. आणि त्याला आणायला तूच जायचंस. वर्दी न घालता."

मग ताट सावरत ती उतारावरून घराकडे निघाली. झाकणाखाली भात अजून ऊन होता.