मागची फळी

कचरागाडीच्या मागची लोखंडी पायरी गंजून निखळली, तेव्हा मुकादम म्हणाला होता, "गाडी दुरुस्तीला गेली की सगळे घरी बसाल, बघा बुवा." हातावर पोट असलेली माणसं. गाडीवर कचरा उचलणाऱ्या तिच्या नवऱ्याने आणि त्याच्या जोडीदाराने एक लाकडी फळी आणली, तारेने बांधली आणि तिच्यावर उभे राहून गल्लीगल्ली फिरू लागले. परवा वळणावर ती फळी मोडली. नवरा रस्त्यावर आपटला, नडगीचं हाड तुटलं. पायात सळई घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

आज सकाळी मुकादम घरी आला. खाटेशी उभ्या उभ्याच म्हणाला, "वहिनी, फळी यांनीच बांधलेली. म्हणजे चूक यांचीच. ऑपरेशनचा खर्च वरून कोण मंजूर करणार?"

नवऱ्याने तोंड भिंतीकडे वळवलं. बाळाला पाठीवर घेऊन घरभर घोडा होणारा माणूस, आता कूस बदलतानाही ओठ चावत होता. "खरंय साहेबांचं," तो पुटपुटला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काय खरंय? रोज फळी बघूनच गाडी सोडत होतात ना तुम्ही? की डोळेही कचऱ्यात टाकले होते?"

मुकादम पाठ फिरवून निघाला. तिने शेजारच्या मावशींना नवऱ्याजवळ बसवलं, बाळाला कडेवर घेतलं आणि मुकादमाच्या मागोमाग गाड्यांच्या आवारात पोचली.

तीच गाडी सुटायच्या बेतात होती. मागे दुसरी फळी, तीही तारेनेच बांधलेली. वर जोडीदार उभा.

"भावजी, उतरा खाली," ती म्हणाली. मग मुकादमाकडे वळली. "तुम्ही चढा. आवारात एक फेरी मारा. नाही पडलात, तर चूक ह्यांची, चारचौघांत कबूल करते."

"मी काय कचरा उचलणारा आहे?"

"मग? पडायला वेगळं शिक्षण लागतं?"

ड्रायव्हर फिसकन हसला. मुकादमाने रागारागाने दांडा धरला, एक पाय टेकवला. फळी करकरली, तसा त्याने पाय काढून घेतला.

जोडीदार उतरून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

"अरे, कचरा कोण उचलणार? लोक बोंबलतील!"

"बोंबलू द्या," ड्रायव्हर म्हणाला.

मुकादमाने नाइलाजाने फोन लावला. "साहेब, एका गाडीची पायरी तुटलीये..."

"आणि माणूस?" बाळाला थोपटत ती म्हणाली. "तेही सांगा. मोठ्याने."