चेंडू सुटला की गप्प

आमच्या आईला हळू बोलणं ठाऊकच नाही. जन्मभर शाळेत शिकवलं, त्यामुळे स्वयंपाकघरात दोन माणसं असली तरी ती अख्ख्या वर्गाशी बोलते. आजवर त्यानं आमचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते धाकट्याच्या खेळात.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. घड्याळं दुरुस्त करायचा. आजारपणात डोळे गेले, मागोमाग दुकान गेलं, आणि स्वारीनं जी खाट धरली ती सोडेचना. शेवटी मीच त्याला दटावून वस्तीच्या सभागृहात नेलं. तिथे दर रविवारी अंध मंडळी चेंडू खेळतात. चेंडूत घुंगरं असतात. समोरच्यानं तो जमिनीवरून जोरात सोडायचा, आपण आवाजाच्या रोखानं अंग झोकून गोल अडवायचा. बघणाऱ्यांनी मात्र चकार शब्द काढायचा नाही. बघता बघता धाकटा पोटभर जेवायला लागला, माझ्याशी भांडायलाही लागला. मला केवढं हायसं वाटलं!

मग एका रविवारी आई बघायला आली. त्याच्या समोरच्या भिंतीशी बसली आणि चेंडू सुटताच ओरडली, "डावीकडे, बाळा!" डावीकडे म्हणजे तिच्या. धाकटा गुणी मुलासारखा स्वतःच्या डावीकडे झेपावला आणि चेंडू उजवीकडून आरामात गोलात गेला. पुन्हा तेच, पुन्हा तेच. कोचताईंनी विनवलं, तरी आई थांबेना. संघ हरला.

घरी येताना धाकटा म्हणाला, "आई, तू बोललीस की मला चेंडू ऐकूच येत नाही. तू येणार असशील तर मी खेळणं सोडतो."

"अरे, तुला लागू नये म्हणून रे!"

"लागू दे की!"

आई गप्प झाली. आमच्या घरात ही बातमीच होती. मला मात्र वेगळीच धास्ती. धाकटा पुन्हा खाटेवर जाऊन पडला तर?

पुढच्या रविवारी मी त्याला घेऊन निघाले, तर मागून आई, चपला हातात घेऊन. मी डोळे वटारले. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

सभागृहात ती माझ्याशेजारी बसली, तोंडात रुमाल कोंबून. सामना बरोबरीत आला आणि शेवटचा चेंडू सुटला. धाकट्यानं मान जराशी वळवली, ऐकलं आणि उजवीकडे झेप घेतली. चेंडू धाडकन बरगडीवर बसला. तो उठेना. आईची नखं माझ्या मनगटात रुतली, पण तोंडातून हूं की चूं नाही. मग धाकट्यानं पडल्यापडल्याच चेंडू वर धरला. शिट्टी वाजली आणि एकच गलका झाला.

मी हाक मारली, तसा तो माझ्या आवाजाचा कानोसा घेत आला. "ताई, पाहिलंस?"

"पाहिलं रे!"

"आईला आणायला हवं होतं गं. उगाच तिला तोडून बोललो."

आईनं रुमाल काढला. "इथंच आहे मी, मेल्या!"

सगळं सभागृह चिडीचूप. धाकटा दचकलाच.

"एवढा वेळ? आणि एक शब्दही नाही?"

"विचार तुझ्या ताईच्या मनगटाला!"

तो खदखदून हसला. मी त्याला धरायला हात पुढे केला होता, पण तो थांबलाच नाही. आवाजाच्या रोखानं सरळ आईकडे चालत गेला.