शिक्का दाराकडे

पलीकडच्या माणसाला मी कधी पाहिलेलं नाही, आणि सतरा वर्षांत त्याला एकदाही चांगलं म्हटलेलं नाही.

त्याच्या शहरात काचेच्या बरण्यांचा कारखाना आहे, माझ्या शहरात त्या बरण्यांचं गोदाम. मध्ये ट्रकचा दोन दिवसांचा रस्ता. तिकडचा मुकादम तो, इकडचा मी. तो पेट्यांची थप्पी लावतो, मी ती उतरवून घेतो. दर गुरुवारी सकाळी ट्रकचं मागचं दार उघडलं की त्याचं काम माझ्यासमोर उभं राहतं, आणि माणसाचं काम दिसलं की माणूस दिसतोच. नुसती तोंडं बघून कुणाला काय कळलंय?

ट्रकमध्ये तीनशे साठ लाकडी पेट्या असतात. प्रत्येक पेटीच्या एकाच बाजूला काळ्या शाईचा शिक्का असतो: लहान, मध्यम किंवा मोठी. आत कोणत्या मापाची बरणी आहे ते त्यावरून कळायचं. पेटीच्या बाकीच्या तीन बाजू कोऱ्या. पलीकडच्याची थप्पी अशी असायची की एकूण एक शिक्का दाराकडे. मी खाली उभा राहून नुसतं वाचायचं आणि हमालांना सांगायचं, ही डावीकडे, ती उजवीकडे. दोन तासांत ट्रक रिकामा.

आता याबद्दल त्याचं कौतुक करावं, तर तो माझा स्वभाव नाही. मी चुका काढतो. "सांग त्याला," मी ड्रायव्हरला म्हणायचो, "तिसऱ्या ओळीत बोटभर फट राहिलीय. थप्पी लावलीस की कवळी बसवलीस?" पुढच्या गुरुवारी उत्तर यायचं, "मास्तरांना सांग, उतरवायला अक्कल लागत नाही, लावायला लागते." मास्तर हे नाव त्यानेच ठेवलं. इकडे गोदामातही तेच पडलं.

निरोप ड्रायव्हरनेच न्यायचा आणि आणायचा, म्हणून त्याला सगळे पोपट म्हणतात. शब्द न शब्द तसाच सांगतो, आवाजाच्या चढउतारासकट. पलीकडच्याचा फोन नंबर माझ्याकडे आहे. पण फोनवर भांडलं की ते खरं भांडण होतं. पोपटमार्फत कसं, दोन दिवसांच्या रस्त्यात राग निवतो आणि मजा तेवढी पोचते.

तीन महिन्यांपूर्वी शिक्के फिरले. आधी दहा-पंधरा पेट्या उलट्या निघाल्या, मग पन्नास, मग निम्म्या. कुणाचा शिक्का आत, कुणाचा भिंतीकडे. प्रत्येक पेटी ओढायची, फिरवायची, बघायची. दोन तासांचं काम पाच तासांवर गेलं. हमाल कुरकुरायला लागले, बरण्या न्यायला आलेल्या टेम्पोंची रांग फाटकाबाहेर जायला लागली. माझं डोकं फिरलं. मी निरोपांवर निरोप धाडले, एकापेक्षा एक तिखट. माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या घरात सर्वांना मान्य आहे. एका शनिवारी तर मी पोपटला म्हटलं, "विचार त्याला, डोळे फुटले का तुझे?"

पुढच्या गुरुवारी पोपट आला, पण पलीकडच्याचं उत्तर आलं नाही. मी विचारलं तर पोपट म्हणाला, "काही नाही बोलला," आणि टायरला लाथ मारून हवा बघत बसला. त्या टायरांची हवा त्याने पाच मिनिटांपूर्वीच बघितली होती.

त्याच सकाळी साहेबांनी मला बोलावलं. साहेब तरुण, बोलायला गोड, पण कागदाशिवाय त्यांना काही दिसत नाही. म्हणाले, "मुकादम, गाडीला इतका वेळ का लागतो, चूक कुणाची, मला शनिवारपर्यंत लिहून द्या. थप्पीची चूक असेल तर तसं लिहा. तिकडे माणूस बदलायला सांगतो."

"देतो," मी म्हटलं. खरं सांगतो, तेव्हा मला बरंच वाटलं. म्हटलं, आता कळेल बेट्याला.

अहवाल लिहायचा तर नीट बघून लिहावा, म्हणून मी स्वतः ट्रकमध्ये चढलो. आणि चढल्यावर बुचकळ्यात पडलो. शिक्के सैरावैरा होते, पण थप्पी कधी नव्हे इतकी घट्ट होती. पेटीला पेटी अशी भिडलेली की मध्ये पोस्टकार्ड जाऊ नये. कोपऱ्यांत पेंढा हाताने दाबून दाबून बसवलेला. जड पेट्या खाली, हलक्या वर, एकही चूक नाही. निष्काळजी माणूस असा माल लावत नाही. ज्याला शिक्क्यांची पर्वा नाही, तो पेंढ्याची कशाला करेल?

मग मी दाराच्या आतल्या बाजूला बघितलं. तिथे तो दर खेपेला खडूने पेट्यांचा आकडा लिहितो, एकाखाली एक, आणि जागा संपली की मी ओल्या फडक्याने पुसतो. आठ-दहा आठवडे तिथे नुसता खडूचा पांढरा गोळा दिसत होता. मला वाटायचं, रस्त्यात घासलं गेलं असेल. आज जवळ जाऊन पाहिलं तर ते घासलेलं नव्हतं. तीनशे साठवर तीनशे साठ, त्याच्यावर पुन्हा तीनशे साठ. शेजारी हातभर कोरी जागा असताना नवा आकडा जुन्याच्या डोक्यावर लिहिला होता.

असं कोण लिहितं? ज्याला जुना आकडा दिसत नाही, तो.

मी ट्रकमध्येच एका पेटीवर बसलो. पोपटला वर बोलावलं आणि दार ओढून घेतलं.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

त्याने काय, कुणाचं, असलं काही विचारलं नाही. "डावा गेल्या वर्षीच गेला, मास्तर. उजव्याने आता उजेड-सावली तेवढी कळते. डॉक्टरांचा कंपाउंडर ओळखीचा, त्याच्याकडून कळलं, गेलं ते परत येणार नाही. उरलंय तेवढंही किती दिवस टिकेल, सांगता येत नाही."

"तिकडच्या माणसांना माहीत आहे?"

"सगळ्यांना. फक्त त्याला वाटतं, कुणालाच माहीत नाही. एक हमाल म्हणाला, पेटी फिरवून देऊ का, तर दिवसभर त्याच्याशी बोलला नाही. बरणीचं माप तो पेटी उचलून वजनावरून ओळखतो, कधी चुकत नाही. शाईचा शिक्का मात्र हाताला कसा लागणार? आणि निवृत्तीला आठ महिने राहिलेत. त्याआधी काढलं, तर इतक्या वर्षांची चाकरी पाण्यात. म्हणून सगळे मूग गिळून आहेत. मीपण."

मला पुढचं विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "मी ते म्हटलं होतं, डोळे फुटले का म्हणून. ते सांगितलंस त्याला?"

"नाही. जीभच वळली नाही. आयुष्यात पहिल्यांदा निरोप खाल्ला. म्हटलं, मास्तर या खेपेला काही बोलले नाहीत."

"मग?"

"तो म्हणाला, काहीच बोलले नाहीत? तब्येत बरी आहे ना त्यांची?"

मला इतकी लाज वाटली की मी पोपटला उगाच दोन शब्द सुनावले आणि खाली उतरलो.

संध्याकाळी घरी कागद पुढे घेऊन बसलो. बायको इस्त्री करत होती. तिला सगळं सांगितलं. म्हटलं, "खोटं मी लिहिणार नाही. आजवर लिहिलेलं नाही. खरं लिहिलं, तर तो गेला. गाडीची चूक म्हणावं, तर पोपट अडकतो."

"खरंच लिहा," ती म्हणाली. "पण मला सांगा, चूक माणसाची का पेटीची? चारही बाजू सारख्या, तर चांगला डोळस माणूससुद्धा चुकेल. मी बघा, जुडग्यातल्या पुढच्या दाराच्या किल्लीला दोरा बांधलाय. दिवे गेले तरी बोटांना सापडते."

एकतीस वर्षं संसार करून त्या दोऱ्याकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं, आणि मी दुसऱ्याच्या चुका काढत फिरतो.

ड्रायव्हरला एक दिवस विश्रांती असते, ट्रक शनिवारी सकाळी निघतो. शुक्रवारचा सबंध दिवस माझ्या हातात होता. परत जायच्या तीनशे साठ रिकाम्या पेट्या गोदामात होत्या, आणि ज्या पेट्या जातात त्याच भरून पुढच्या गुरुवारी येतात. मी मोडक्या पेट्यांच्या फळ्या कापून बोटभर रुंदीच्या पट्ट्या केल्या. चार हमाल बसवले. जिकडे शिक्का, त्या बाजूला वरच्या कडेखाली एक पट्टी, दोन खिळे. शिक्के चारही बाजूंना मारता आले असते, पण शिक्क्याचे साचे कारखान्यात. त्यासाठी अर्ज करायचा, आणि अर्जाचं उत्तर येईपर्यंत पलीकडचा निवृत्त झाला असता. संध्याकाळपर्यंत माझा अंगठा दोनदा हातोडीखाली आला. हमाल हसले. मी त्यांना हसू दिलं, यावरूनच त्यांना कळायला हवं होतं की आज काहीतरी वेगळं आहे.

साहेबांना लिहून दिलं: शिक्का एकाच बाजूस असल्याने पेटीची दिशा ओळखण्यात चूक होते व वेळ जातो. उपाय केला आहे. साहेबांनी वाचलं, फाइलला लावलं आणि म्हणाले, "हे आधी का नाही सुचलं?" त्यांचंही बरोबरच होतं.

आता राहिला निरोप. पट्टीची बाजू दाराकडे ठेव, एवढंच सांगायचं होतं. पण का, ते काय सांगणार? तुला दिसत नाही म्हणून? पेटी फिरवून देऊ का विचारणाऱ्याशी जो दिवसभर बोलत नाही, तो माझ्याशी जन्मभर बोलला नसता. शनिवारी मी ट्रकच्या पायरीशी गेलो. मग म्हटलं, "पोपट, त्याला सांग, मास्तरांचे डोळे अधू झालेत. शिक्के वाचवत नाहीत. म्हणून पट्टी ठोकलीय, ती हाताला लागते. तेवढी दाराकडे ठेव, म्हाताऱ्यावर उपकार होतील."

पोपटने माझ्याकडे नीट बघितलं. "असंच सांगू?"

"शब्द बदलू नकोस."

तो आठवडा मी कसा काढला, मला माहीत. शिवाय एका हमालाने ते ऐकलं होतं आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. सोमवारी एकाने जिन्यावर माझा हात धरला. दुसरा माझा डबा उघडून द्यायला लागला. बायको म्हणाली, "साहेबांच्या कानावर गेलं तर तुम्हालाच घरी बसवतील." मी दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावरच्या कागदातली चूक उभ्या उभ्या चार हातांवरून दाखवून दिली. त्यानंतर तिकडून धोका उरला नाही.

गुरुवारी ट्रक आला. दार मी स्वतः उघडलं. खालपासून वरपर्यंत प्रत्येक पट्टी माझ्याकडे होती, आणि प्रत्येक पट्टीखाली शिक्का. मी एक-एक करून सगळे वाचले, एकही उलटा नव्हता. पावणेदोन तासांत ट्रक रिकामा झाला. टेम्पो वेळेवर गेले. साहेब खिडकीतून बघत होते, त्यांनी मान हलवली.

"काही म्हणाला?" मी पोपटला विचारलं. कवळीपेक्षा जोरदार काहीतरी असणार, अशी माझी तयारी होती.

पोपटने घसा साफ केला आणि हात बाजूला सोडून उभा राहिला. निरोप लांबलचक असला की तो असाच उभा राहतो.

"तो म्हणाला, मास्तरांना सांग, पट्ट्या वाकड्या ठोकल्यात, पण चालतील. आणि सांग, घाबरू नका. पहिले दोन-तीन महिने फार वाईट जातात. जिना उतरताना वाटतं, पुढे पायरीच नाही. मग हात शिकतात. पायपण शिकतात. पेटी ठेवल्यावर तिच्या आवाजावरून ती नीट बसली का, तेसुद्धा कळायला लागतं. फक्त एक करा, घरी सांगून टाका. मी बायकोला अजून सांगितलेलं नाही. रोज घरात चाचपडतो आणि म्हणतो, चष्मा बदलायला झालाय. हे एकट्याने ओढायला फार जड आहे, मास्तर. तुम्ही तसं करू नका."

पोपट थांबला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. त्या माणसाने जे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, ते त्याने मला धीर द्यायला सांगितलं होतं.

शनिवारी पोपट ट्रकमध्ये बसला, इंजिन सुरू झालं, तेव्हा मी खिडकीपाशी गेलो.

"सांग त्याला, मास्तरांनी घरी सांगितलं. बायको रागावली नाही. इतके दिवस एकटे का बसलात, एवढंच म्हणाली. आता तूही घरी सांग."

पोपटने मनाशी दोनदा घोकलं आणि गाडी गियरमध्ये टाकली.