सत्काराचे भाषांतर

आदिलाबादच्या शिबिरात परदेशी शल्यचिकित्सकांनी पाच दिवसांत तेवीस माणसांचे ओठ, पापण्या आणि बोटे पूर्ववत केली होती. तीही फुकट, आणि एकाही भाषणाविना. भाषणाची ही उणीव भरून काढणे स्वागत समितीला क्रमप्राप्त वाटले. अखेरच्या दिवशी दुपारी दोन वाजता शस्त्रक्रियागृहासमोर मांडव उभा राहिला आणि सातही डॉक्टरांना हातमोजे उतरवून खुर्च्यांवर बसवण्यात आले; प्रत्येकाच्या मांडीवर एकेक शाल आली.

चोविसावा क्रमांक बाजारहत्नूरच्या कौशल्याबाईंचा होता. अकरा वर्षांपूर्वी स्टोव्ह भडकला, तेव्हापासून त्यांची हनुवटी छातीला चिकटलेली होती. अशा रुग्णाला भूल देणे जोखमीचे. ते साधणारे एकच भूलतज्ज्ञ पथकात होते, आणि त्यांना त्याच रात्री नागपूरहून विमान गाठायचे होते. तीनच्या आत सुरुवात झाली तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी, आले तर.

शिबिरात दुभाषी म्हणून आलेल्या प्रतिभा मॅडम शाळेत इंग्रजी शिकवत. शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी बसलेल्या कौशल्याबाईंनी त्यांचा पदर ओढला.

“मॅडम, काल दिसभर उपाशी ठेवलं अन् वापस धाडलं. आज बी पानी नाई पेली. आता काऊन थांबून राह्यले हे?”

“सत्कार आहे, मावशी. डॉक्टरांचा.”

“हार तं मलेच घालाले पायजे. उपाशी मी, अन् सत्कार त्याइचा!”

प्रतिभा हसली नाही. घड्याळात दोन वीस झाले होते. समितीचे अध्यक्ष सुधाकरराव, सिमेंटचे व्यापारी, दोन पाने घेऊन ध्वनिक्षेपकापुढे आले. पहिल्या पानात सेवा होती, त्याग होता, सुधाकररावांचे दिवंगत वडील होते आणि त्यांच्या नावाची पाणपोई होती. रुग्ण तेवढे नव्हते. पान संपले.

“मॅडम, आता इंग्रजीत सांगा.”

अठरा वर्षांत प्रतिभाने मुलांना एकाही वाक्याचा अर्थ जाणूनबुजून चुकीचा सांगितला नव्हता. ती उठली आणि सपाट आवाजात इंग्रजीत म्हणाली, “अध्यक्षांची विनंती आहे : दाराशी बसलेली रुग्ण कालपासून ताटकळते आहे. तीनच्या आत तिला घ्यावे. शाली इथेच ठेवाव्यात, त्या मुक्कामी पोचवल्या जातील.”

यातले काहीही भाषणात नव्हते. असायला हवे होते, एवढाच त्या भाषांतराला आधार.

पथकप्रमुख हेलेन यांच्या कपाळावर आठी पडली. “कालही ती उपाशी होती?”

“होय. काल समितीच्या पाहुण्यांची शिबिराला पाहणी होती, म्हणून तिला परत पाठवलं.”

हेलेन यांनी हात जोडले, मांडीवरची शाल खुर्चीवर ठेवली आणि आत गेल्या. पाठोपाठ सहाजण गेले.

“काऊन उठल्या त्या?” सुधाकरराव गोंधळले.

“तुमचं ऐकून राहवलं नाही त्यांना, साहेब. लगेच कामाला लागल्या.”

मांडवात टाळ्या पडल्या. समितीचे चिटणीस चंपत मात्र जवळ सरकले. ते शिक्षण कार्यालयात कारकून होते. प्रतिभाच्या बदलीचा अर्ज त्यांच्याच टेबलावर होता, आणि त्यांना इंग्रजी येत होते.

“मॅडम, साहेब असं कुठं म्हनले?”

“तसं नाहीच म्हणाले ते. जा, सांगा त्यांना. सगळ्यांसमोर सांगा, की पेशंटचं नावही त्यांनी घेतलं नाही.”

 चंपत यांनी ध्वनिक्षेपकाचा दांडा उगाच थोडा उंच केला आणि म्हणाले, “साहेब, दुसरं पान घ्या.” सुधाकररावांनी ते रिकाम्या सात खुर्च्यांना वाचून दाखवले.

आत दोन चाळीस झाले होते. टेबलावर टेकून बसवलेल्या कौशल्याबाईंना वर पाहता येत नव्हते, म्हणून भूलतज्ज्ञ त्यांच्यासमोर जमिनीवर उकिडवे बसले. ते थांबत थांबत बोलले. प्रतिभाने या वेळी एक शब्दही बदलला नाही.

“नाकातून नळी घालतील, मावशी. त्या वेळी तुम्ही जाग्या असाल. त्रास होईल. भीती वाटली तर हात वर करा, ते थांबतील.”

कौशल्याबाईंनी त्या परक्या माणसाचा चेहरा नीट न्याहाळला.

“थांबू नको म्हना त्याले,” त्या म्हणाल्या. “लई थांबले मी.”

प्रतिभाने तेही जसेच्या तसे सांगितले.