औषध न दिलेला कृमी

मामाच्या फुफ्फुसात चपटे कृमी होते. नदीतले खेकडे अर्धेकच्चे खायची त्याची जुनी खोड, त्यांतूनच ते आले होते. नेहमीच्या गोळ्या दोनदा देऊन झाल्या, तरी थुंकीचा गंजासारखा रंग जात नव्हता. आमच्या प्रयोगशाळेत एका नव्या औषधाची तपासणी चालू होती. ते मामाला द्यायचं की नाही, हे उद्याच्या बैठकीत ठरणार होतं. पुढच्या बैठकीपर्यंत तो टिकेल असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. औषधाने कृमीची कातडी फाटते, हे छायाचित्रांतून दाखवणं माझ्याकडे होतं.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर औषधात ठेवलेला कृमी आला. निरोगी कृमीच्या अंगावर बारीक घड्या असतात आणि त्यांतून काट्यांच्या रांगा. इथे घड्या फुगून फोड आले होते, काही फुटले होते. काटे गळून नुसते खड्डे उरले होते. कातडी हीच त्याची ढाल, आणि अन्नही तो बरंचसं तिच्यातूनच शोषतो. ती गेली की तो संपला.

"काय गं, मामांचे भाडेकरू हलले का?" तंत्रज्ञ दादाने दारातून विचारलं. कृमी धुऊन तयार करायचं काम त्याचं.

"हलले कसले, सोलून निघालेत."

"मग चहा तुझ्याकडून."

तेवढ्यात प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम आल्या. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "छान. आता तुलनेला औषध न दिलेला दाखव."

मी तो लावला. तेच फोड. तेच खड्डे.

मग मॅडमनी दादाला विचारलं, "धुतले कशात?"

"नेहमीसारखे मिठाच्या पाण्यात. मग साध्या पाण्यात विसळले. मागच्या वेळी फोटोत मिठाचे कण खडीसारखे दिसले म्हणून तुम्हीच बोलला होतात ना." त्याने माझ्याकडे पाहिलं. "हिचे मामा आहेत. म्हटलं, फोटो स्वच्छ यावेत."

"रसायनात थिजवण्याच्या आधी विसळले की नंतर?"

"आधी," दादा म्हणाला, आणि त्याच्याही लक्षात आलं. रसायनात थिजवलेल्या कृमीला साध्या पाण्याने काही होत नाही. जिवंत कृमी मात्र ते पाणी पिऊन फुगतो, आणि त्याची कातडी आपोआप फुटते.

"औषधानेही काही केलं असेल," मी म्हणाले.

"असेल. आता या कृमींवरून ते कळणार नाही. आणि नवे वाढायला काही महिने जातील."

"बैठकीत फक्त पहिलेच फोटो दाखवले तर? दुसऱ्यांबद्दल कोणी विचारलं नाही तर?"

"मग मी विचारेन," मॅडम म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

संध्याकाळी दवाखान्यात मामा उशीला टेकून बसला होता. मी आत येताच म्हणाला, "मेले का?"

"आमच्याकडचे मेले. कशाने, ते सांगता येत नाही."

"एवढी शिकलीस आणि तेही सांगता येईना?" तो हसायला लागला, आणि हसण्याचा खोकला झाला. मी भांडं धरलं. खोकला थांबल्यावर तो म्हणाला, "म्हणजे औषध नाही."

"नाही, मामा."

त्याने भांड्यात पाहिलं, मग ते माझ्या हातून घेऊन पलंगाखाली सरकवलं.

"तुझ्या आईला आज सांगू नकोस," तो म्हणाला. "तिला जेवू दे."